छोट्या लिनक्स संगणकासाठी यूएसबी वाय-फाय अडॅप्टर कसा निवडावा

सोसायटीच्या कार्यालयातील सूचनाफलक चालवण्यासाठी, शिकवणी वर्गातील फायली एका ठिकाणी ठेवण्यासाठी किंवा गॅलरीत तापमान नोंदवण्यासाठी एखादा जुना रास्पबेरी पाय किंवा ऑरेंज पाय, म्हणजे लिनक्सवर चालणारा एका बोर्डाचा छोटा संगणक, पुन्हा कामाला लावायचा ठरवले, की पहिली अडचण बहुधा वाय-फायचीच येते. रास्पबेरी पायच्या पहिल्या दोन पिढ्यांत आणि मूळ पाय झीरोमध्ये वाय-फाय नाही. २०१६ सालच्या पाय ३ मध्ये ते प्रथमच बोर्डावर आले, पण केवळ २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर. ५ गिगाहर्ट्झसाठी २०१८ सालच्या पाय ३ बी प्लसपर्यंत थांबावे लागले. अशा संगणकाला यूएसबी अडॅप्टर जोडणे हा सरळ उपाय आहे. मात्र दुकानात मिळणारे बहुतेक अडॅप्टर विंडोज डोळ्यांपुढे ठेवून विकले जातात, आणि खोक्यावर ‘लिनक्स सपोर्टेड’ असे छापलेले असले तरी त्याचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो, की कंपनीने कधी काळी एखाद्या जुन्या कर्नलसाठी (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) ड्रायव्हरचा, म्हणजे उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रामचा, स्रोत प्रसिद्ध केला होता.

म्हणून या खरेदीत ब्रँड, अँटेनाची लांबी आणि खोक्यावरचा वेगाचा आकडा या तिन्ही गोष्टी दुय्यम मानाव्यात. अडॅप्टरच्या आत कोणती चिप आहे आणि त्या चिपचा ड्रायव्हर आपल्या संगणकावरील कर्नलमध्ये आधीपासून आहे का, हे दोन प्रश्न सुटले की निवड जवळजवळ झालीच. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत. लेखात कमांड, चिप आणि ड्रायव्हर यांची नावे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये कमांड रोमन लिपीतील लहान अक्षरांत टंकाव्यात.

गरज आणि पट्टा

संगणकाने नेमके काय करायचे आहे ते आधी ठरवावे. दिवसातून काही वेळा तापमानाची नोंद पाठवणाऱ्या किंवा सूचनाफलकावर चित्रे बदलणाऱ्या यंत्राला १५० मेगाबिटचा साधा अडॅप्टरही पुरून उरतो. व्हिडिओ दाखवायचा असेल किंवा मोठ्या फायली हलवायच्या असतील, तर गोष्ट वेगळी.

आपल्याकडे मात्र वेगापेक्षा गर्दीचा प्रश्न मोठा आहे. घोडबंदर रस्त्यावरील मनोरे असोत वा नेरूळ, वाशी, ऐरोलीतील दाटीने उभ्या असलेल्या इमारती, प्रत्येक सदनिकेत एक राउटर असतो आणि २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारे चॅनेल केवळ तीन, म्हणजे १, ६ आणि ११. संध्याकाळी सगळे घरी आले की या पट्ट्यात संकेत पूर्ण दिसत असूनही माहिती अडखळत येते. अशा इमारतीत दोन्ही पट्ट्यांवर चालणारा अडॅप्टर घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु राउटर दिवाणखान्यात आणि संगणक दोन काँक्रीटच्या भिंतींपलीकडे असेल, तर तेथवर २.४ गिगाहर्ट्झच अधिक तग धरतो, हेही ध्यानात घ्यावे. जेथे संगणक राउटरच्या शेजारीच राहणार आहे आणि त्याला लॅनचे पोर्ट आहे, तेथे अडॅप्टर घेऊच नये. तार जोडावी आणि विषय संपवावा.

या संगणकालाच हॉटस्पॉट बनवून इतर उपकरणे त्यावर जोडायची असतील, तर ही अट आत्ताच टिपून ठेवावी. लिनक्समध्ये चालणारा प्रत्येक अडॅप्टर हॉटस्पॉट म्हणून चालतोच असे नाही.

पोर्ट आणि वीज

यूएसबी २.० पोर्टाचा सैद्धांतिक वेग ४८० मेगाबिट आहे. रास्पबेरी पाय २ किंवा ३ वर तर सर्व यूएसबी पोर्ट आणि लॅन मिळून एकाच यूएसबी २.० मार्गावर बसतात. अशा बोर्डावर ‘१३०० एमबीपीएस’ लिहिलेला महाग अडॅप्टर लावून जादा पैशांचे काहीही मिळत नाही. पाय ४ आणि पाय ५ वरील निळ्या यूएसबी ३.० पोर्टावर त्याचा थोडाफार उपयोग होईल.

विजेचा मुद्दा लोक विसरतात. यूएसबी २.० च्या नियमानुसार एका उपकरणाला ५०० मिलिअँपिअरपर्यंत विद्युतप्रवाह मिळतो, आणि दोन अँटेना असलेले जोरदार अडॅप्टर माहिती पाठवताना या मर्यादेच्या जवळ जातात. पाय ४ वर सर्व यूएसबी पोर्टांना मिळून १.२ अँपिअर मिळतात. पाय ५ ला ५ अँपिअरचा पुरवठा नसेल, तर तो सर्व पोर्टांना मिळून ६०० मिलिअँपिअरवरच थांबवतो, आणि त्यावर बाहेरची हार्ड डिस्कही लावलेली असली की अडॅप्टर मधूनच गायब होतो. मोबाइलच्या जुन्या चार्जरवर चालणाऱ्या पायवर घडणाऱ्या ‘वाय-फाय आपोआप तुटते’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा ड्रायव्हरमध्ये नसून चार्जरमध्ये किंवा त्याच्या बारीक वायरमध्ये असते. रास्पबेरी पायवर ‘व्हीसीजेनसीएमडी’ या कमांडला ‘गेट_थ्रॉटल्ड’ जोडून चालवावे. उत्तर ‘०एक्स०’ आले तर वीज ठीक आहे; ‘०एक्स५००००’ आले, तर संगणक सुरू झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज पडले आहे, असे समजावे आणि अडॅप्टर घेण्याआधी पुरवठा बदलावा.

पाय झीरोवर दोन मायक्रो यूएसबी पोर्ट असतात आणि त्यांपैकी एकच माहितीसाठी असते. त्याला ओटीजी जोडणी, म्हणजे मायक्रो पोर्टाला नेहमीचे यूएसबी उपकरण जोडणारी वायर लागते, ती यादीत लिहून ठेवावी.

कर्नल तपासणे

आता संगणक सुरू करून ‘यूनेम’ ही कमांड ‘आर’ या पर्यायासह चालवावी (एका अक्षराच्या पर्यायाआधी ‘-’ हे चिन्ह द्यावे). आलेल्या उत्तरातील पहिले दोन आकडे, उदाहरणार्थ ६.१ किंवा ६.१२, कागदावर लिहून घ्यावेत. बिंदूनंतरचा आकडा पूर्ण वाचावा; ६.१२ हा ६.२ च्या नंतरचा कर्नल आहे. डेबियन हे लिनक्सचे एक वितरण, म्हणजे तयार प्रणाली. २०२३ सालच्या डेबियन १२ मध्ये ६.१ आणि २०२५ सालच्या डेबियन १३ मध्ये ६.१२ हा कर्नल आहे; रास्पबेरी पायची स्वतःची, डेबियनवर आधारलेली प्रणाली अद्ययावत केल्यास तिचा कर्नल त्याच नावाच्या डेबियनपेक्षा नवा असू शकतो.

ऑरेंज पायसारख्या बोर्डांवर मात्र नुसत्या अंकावर विसंबू नये. चिप बनवणाऱ्याने स्वतः फेरफार करून दिलेला जुना कर्नल त्यांवर पुष्कळदा असतो आणि त्यात जागा वाचवण्यासाठी अनेक ड्रायव्हर वगळलेले असतात. त्या बोर्डासाठी आर्मबियन (अशा छोट्या बोर्डांसाठीचे लिनक्स वितरण) उपलब्ध असेल, तर अडॅप्टरच्या खरेदीपूर्वी ते बसवून पाहावे. पुष्कळदा अडचण तेथेच संपते.

एखादा ड्रायव्हर आपल्याकडे खरोखर आहे का, हे ‘मॉडइन्फो’ या कमांडपुढे ड्रायव्हरचे नाव लिहून कळते. माहिती छापली गेली तर ड्रायव्हर आहे. ‘नॉट फाउंड’ आले तर नाही. अडॅप्टर हातात नसतानाही हे करता येते, म्हणूनच ही पायरी दुकानात जाण्यापूर्वीची आहे.

चिपची निवड

येथे थोडे थांबून विचार करावा, कारण सर्व खरेदीचा कौल याच टप्प्यावर लागतो.

केवळ २.४ गिगाहर्ट्झ पुरेसा असेल, तर अथेरॉसची एआर९२७१ ही जुनी पण अत्यंत भरवशाची चिप आहे. तिचा ‘एथ९के_एचटीसी’ हा ड्रायव्हर २०१० सालच्या २.६.३५ या कर्नलपासून आहे आणि तिच्या फर्मवेअरचा, म्हणजे चिपच्या आत चालणाऱ्या प्रोग्रामचा, स्रोतही खुला आहे, जे या क्षेत्रात विरळा. रॅलिंकची आरटी५३७० ही आणखी एक निरुपद्रवी चिप. ती ‘आरटी२८००यूएसबी’ या ड्रायव्हरवर चालते, वीज कमी घेते आणि हॉटस्पॉटही होऊ शकते. मीडियाटेकची एमटी७६०१यू ही चिप अगदी स्वस्त अडॅप्टरांत सापडते. तिचा ड्रायव्हर २०१५ सालच्या ४.२ या कर्नलपासून असून नुसत्या इंटरनेट जोडणीसाठी ती पुरते, परंतु कर्नलमधील हा ड्रायव्हर हॉटस्पॉट करू देत नाही. मघाशी टिपलेली अट येथे उपयोगी पडते.

दोन्ही पट्टे हवे असतील, तर माझी पहिली पसंती मीडियाटेकच्या एमटी७६१२यू या चिपला आहे. तिचा ‘एमटी७६एक्स२यू’ हा ड्रायव्हर आणि तिची धाकटी बहीण एमटी७६१०यू हिचा ‘एमटी७६एक्स०यू’ हा ड्रायव्हर, दोन्ही २०१८ सालच्या ४.१९ या कर्नलपासून सोबत येतात. त्यामुळे आज वापरात असलेल्या जवळजवळ प्रत्येक वितरणात त्या जोडल्या की चालतात. ७६१०यू ही एका प्रवाहाची (एका वेळी माहितीची एकच धार पाठवणारी), ४३३ मेगाबिटपर्यंतची. ७६१२यू ही दोन प्रवाहांची, ८६७ मेगाबिटपर्यंतची. पाय २ किंवा ३ वर धाकटीच पुरे. वाय-फाय ६ हवेच असेल, तर मीडियाटेकच्या एमटी७९२१एयू या चिपला २०२२ सालच्या ५.१८ या कर्नलपासून ‘एमटी७९२१यू’ हा ड्रायव्हर आहे. पण ती यूएसबी ३.० पोर्ट आणि चांगला वीजपुरवठा असलेल्या बोर्डावरच शोभते.

राहिल्या रिअलटेकच्या चिप. बाजारात सर्वाधिक आढळणाऱ्या याच, आणि गोंधळही यांचाच अधिक. आरटीएल८८१२बीयू आणि आरटीएल८८२१सीयू या चिपना २०२३ सालच्या ६.२ या कर्नलपासून ‘आरटीडब्ल्यू८८’ या ड्रायव्हरचा आधार मिळाला. म्हणजे मूळ डेबियन १२ च्या ६.१ या कर्नलवर त्या आपोआप चालणार नाहीत, डेबियन १३ वर चालतील. उलट, वयाने जुन्या असलेल्या आरटीएल८८१२एयू आणि आरटीएल८८२१एयू यांना ६.१२ मध्येही जागा नव्हती. त्या त्यानंतरच्या कर्नलमध्ये आल्या. नावात ‘ए’ आहे की ‘बी’, या एका अक्षराने खरेदी फसते किंवा साधते.

‘ड्रायव्हर नसेल तर बाहेरून आणून बसवू’ असे अनेक जण सुचवतात. ते शक्य असते, पण छोट्या संगणकावर मी त्या वाटेला जाण्याचा सल्ला देणार नाही. बाहेरचा ड्रायव्हर कर्नलच्या हेडर फायली आणून संगणकावरच बांधावा लागतो, जुन्या पायवर त्याला बराच वेळ लागतो आणि कर्नल अद्ययावत झाला की डीकेएमएस (बाहेरचे ड्रायव्हर आपोआप बांधणारे साधन) त्याची पुन्हा बांधणी करते. ती बांधणी एखाद्या दिवशी अयशस्वी ठरली, तर ज्या वाय-फायवरून दुरुस्ती उतरवून घ्यायची तेच बंद पडलेले असते. शिवाय ३२ बिटची रास्पबेरी पाय प्रणाली पाय ४ वर ६४ बिटचा कर्नल घेऊन सुरू होऊ शकते, आणि तशा मिश्र स्थितीत ही बांधणी अडते. सोसायटीच्या कार्यालयात, जेथे आपण महिन्यातून एखादे वेळी जाणार, तेथे असा अडॅप्टर लावणे म्हणजे विकतचे दुखणे घेणे होय.

मॉडेल आणि आवृत्ती

चिप ठरली, तरी दुकानात चिपच्या नावाने काही मिळत नाही. मिळते ते मॉडेल. आणि एकाच मॉडेलच्या आत चिप बदललेली असू शकते. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण टीपी-लिंकचे टीएल-डब्ल्यूएन७२२एन. त्याच्या पहिल्या आवृत्तीत एआर९२७१ होती, तर दुसऱ्या आणि तिसऱ्या आवृत्तीत रिअलटेकची आरटीएल८१८८ईयूएस आली. खोका, रंग आणि अँटेना जवळजवळ तीच. जुने लेख वाचून ‘७२२एन लिनक्सवर उत्तम चालतो’ असे समजणाऱ्याच्या हाती आज दुसरीच वस्तू पडते. आर्चर टी४यू याच्याही आवृत्त्यांमध्ये अशीच चिप बदललेली आहे.

म्हणून आवृत्तीचा क्रमांक पाहावा. तो खोक्याच्या तळाशी किंवा बाजूच्या पांढऱ्या चिठ्ठीवर, अनुक्रमांकाजवळ ‘व्हीईआर’ या अक्षरांपुढे छापलेला असतो. ऑनलाइन विक्रीत छायाचित्र एका आवृत्तीचे आणि येणारी वस्तू दुसरीची, असे होऊ शकते. तेथे परत करण्याची मुदत असलेल्या विक्रेत्याकडूनच घ्यावे. अल्फा या कंपनीच्या मॉडेलांत चिपचा उलगडा तुलनेने सोपा असतो. एडब्ल्यूयूएस०३६एसीएम यात एमटी७६१२यू, एडब्ल्यूयूएस०३६एसीएचएम यात एमटी७६१०यू, तर एडब्ल्यूयूएस०३६एनएचए यात एआर९२७१ असते. किंमत मात्र साध्या अडॅप्टरच्या कित्येक पट असते.

दुकानात

ठाणे स्थानकाच्या पश्चिमेकडील किंवा वाशीतील संगणकाच्या दुकानांत नेहमीची मॉडेले मिळतात. निवड अधिक हवी असेल, तर ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, आजही सोयीचा आहे. ठाण्याहून किंवा नवी मुंबईहून निघालेल्याला वाटेत गाडी बदलावी लागते, एवढेच. तेथे बिननावाच्या, दोन-तीनशे रुपयांच्या अडॅप्टरांचे ढीग दिसतात. ते वाईटच असतात असे नव्हे, पण त्यांच्या आत काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

त्यावर एक सोपा उपाय आहे. ‘दादा, हा जरा तुमच्या कॉम्प्युटरला लावून दाखवता का?’ अशी विनंती करावी. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या उपकरणाच्या तपशिलात ‘हार्डवेअर आयडी’ निवडले, की ‘व्हीआयडी’ आणि ‘पीआयडी’ पुढे चार-चार अक्षरांचे दोन क्रमांक दिसतात. पहिला निर्मात्याचा, दुसरा उपकरणाचा. ०बीडीए म्हणजे रिअलटेक, ०ई८डी म्हणजे मीडियाटेक, १४८एफ म्हणजे रॅलिंक (मीडियाटेकच्या एमटी७६०१यू वरही हाच दिसतो) आणि ०सीएफ३ म्हणजे अथेरॉस. ०सीएफ३:९२७१, १४८एफ:५३७०, १४८एफ:७६०१, ०ई८डी:७६१२ या जोड्या वर सांगितलेल्या चिपच्याच आहेत. मोठे ब्रँड मात्र पुष्कळदा स्वतःचा निर्माता-क्रमांक लावतात. टीपी-लिंकचा २३५७ आहे, आणि त्यावरून चिप थेट ओळखू येत नाही.

तेव्हाही मार्ग आहे. आपल्या संगणकावर ‘लिब’ खालच्या ‘मॉड्यूल्स’ या फोल्डरमध्ये कर्नलच्या आवृत्तीच्या नावाचे फोल्डर असते आणि त्यात ‘मॉड्यूल्स.अलायस’ ही फाइल. कर्नलमधील कोणता ड्रायव्हर कोणते क्रमांक ओळखतो, याची ती पूर्ण यादी आहे. दोन क्रमांकांच्या मध्ये ‘पी’ हे अक्षर ठेवून ती जोडी ‘ग्रेप’ने शोधावी आणि ‘आय’ हा पर्याय द्यावा, म्हणजे लहान-मोठ्या अक्षरांचा फरक आड येत नाही. ओळ सापडली आणि तिच्या शेवटी ड्रायव्हरचे नाव दिसले, तर अडॅप्टर घ्यायला हरकत नाही. पाय घरी चालू असेल आणि त्याच्याशी मोबाइलवरून जोडता येत असेल, तर हे सारे दुकानात उभ्या-उभ्याही होते.

जोडल्यानंतर

घरी आल्यावर अडॅप्टर लावून ‘एलएसयूएसबी’ चालवावे आणि क्रमांक पुन्हा ताडून पाहावेत. त्यानंतर ‘डीएमईएसजी’ या कमांडच्या शेवटच्या ओळी वाचाव्यात. यंत्र काय पाहत आहे ते तेथे स्पष्ट लिहिलेले असते आणि तरीही बहुतेक जण ते वाचण्याआधी मदत मागू लागतात. फर्मवेअर लोड झाले नाही असे दिसले, तर ड्रायव्हर आहे, केवळ फर्मवेअरची फाइल नाही. डेबियनमध्ये ‘फर्मवेअर-रिअलटेक’, ‘फर्मवेअर-अथेरॉस’ किंवा ‘फर्मवेअर-मिस्क-नॉनफ्री’ (डेबियन १३ मध्ये मीडियाटेकसाठी ‘फर्मवेअर-मीडियाटेक’) यांपैकी योग्य पॅकेज बसवल्यास काम होते. त्यासाठी तात्पुरते इंटरनेट हवे, ते अँड्रॉइड मोबाइल यूएसबी तारेने जोडून आणि त्यात यूएसबी टिथरिंग चालू करून मिळते.

कधीकधी ‘एलएसयूएसबी’ मध्ये अडॅप्टरऐवजी सीडी ड्राइव्ह दिसतो. विंडोजचा ड्रायव्हर सोबत देण्यासाठी काही अडॅप्टर सुरुवातीला स्वतःला सीडी म्हणून सादर करतात. ०बीडीए:१ए२बी हा क्रमांक त्याचीच खूण. ‘यूएसबी-मोडस्विच’ हे पॅकेज बसवल्यावर तो मूळ रूपात येतो.

‘आयडब्ल्यू डेव्ह’ या कमांडने नवी जोडणी दिसायला हवी. तिचे नाव ‘डब्ल्यूलॅन०’ असेल किंवा ‘डब्ल्यूएलएक्स’ आणि पुढे हार्डवेअरचा पत्ता असे लांबलचक असेल, दोन्ही बरोबरच. रास्पबेरी पायच्या प्रणालीत देश निवडेपर्यंत वाय-फाय मुद्दाम बंद ठेवलेले असते. ‘रास्पी-कॉन्फिग’ मधून देश म्हणून भारत निवडावा. हे टाळू नये, कारण परवानामुक्त पट्टे देशानुसार ठरतात. भारतात २०१८ सालच्या अधिसूचनेने ५१५० ते ५३५० आणि ५४७० ते ५८७५ मेगाहर्ट्झ खुले केले, आणि देश चुकीचा असला तर राउटर वापरत असलेला चॅनेल अडॅप्टरला दिसतच नाही. मग दोष निष्कारण अडॅप्टरवर येतो.

२०२३ सालच्या बुकवर्म आवृत्तीपासून रास्पबेरी पायची प्रणाली नेटवर्क मॅनेजर (जोडण्या सांभाळणारा प्रोग्राम) वापरते, त्यामुळे जोडणीसाठी ‘एनएमटीयूआय’ हा साधा पडदा पुरे. जुन्या लेखांत सांगितलेली डब्ल्यूपीए सप्लिकंटची फाइल हाताने भरत बसू नये. बोर्डावरील मूळ वाय-फाय आणि नवा अडॅप्टर दोन्ही असतील, तर ‘कॉन्फिग.टीएक्सटी’ या फाइलमध्ये ‘डीटीओव्हरले=डिसेबल-वायफाय’ ही ओळ घालून मूळचे बंद करावे; नाहीतर संगणक कोणत्या वाटेने बोलतो आहे ते कळत नाही.

स्थिर चालण्यासाठी

जोडणी झाली म्हणजे काम झाले असे नाही. ‘आयडब्ल्यू’ कमांडच्या ‘लिंक’ पर्यायाने संकेताची ताकद पाहावी. ती डीबीएम या एककात, उणे आकड्यात दिसते: उणे ५० च्या आसपास उत्तम, उणे ६७ पर्यंत समाधानकारक, उणे ७५ च्या खाली गेल्यास जागा बदलावी. यूएसबी ३.० पोर्ट आणि त्यावरील हार्ड डिस्क २.४ गिगाहर्ट्झवर गोंगाट करतात, हा अनुभवाचा भाग नसून इंटेलने २०१२ साली मोजून दाखवलेली गोष्ट आहे. म्हणून २.४ चा अडॅप्टर यूएसबी २.० पोर्टात, हात-दीड हाताच्या एक्स्टेन्शन वायरवर लावावा. त्याच वायरने तो धातूच्या पेटीपासून आणि टीव्हीच्या मागच्या कोपऱ्यातून बाहेर येतो, आणि संकेत सुधारतो तो बहुतेक त्यामुळेच.

काही वेळ वापर नसला की जोडणी झोपी जात असेल, तर ‘आयडब्ल्यू’ने ‘पॉवर_सेव्ह’ बंद करून पाहावे. त्याने फरक पडला, तर नेटवर्क मॅनेजरमध्ये त्या जोडणीचे ‘पॉवरसेव्ह’ मूल्य २ करून ते कायमचे बंद करावे. त्यानंतर एक रात्रभर राउटरला ‘पिंग’ (छोटी चाचणी-पॅकेट पाठवत राहणारी कमांड) चालू ठेवून सकाळी किती पॅकेट हरवली ते मोजावे. ही तपासणी परत करण्याची मुदत संपण्याआधी, आणि शक्यतो संध्याकाळच्या गर्दीचा वेळ धरून करावी.

शेवटी, वीज जाऊन आली की छोटा संगणक राउटरच्या आधी सुरू होतो आणि नेटवर्क मॅनेजर ठरावीक प्रयत्नांनंतर थकतो. मूळ मर्यादा चार प्रयत्नांची आहे. त्या जोडणीचे ‘ऑटोकनेक्ट-रिट्राइज’ हे मूल्य ० केले, की तो प्रयत्न सोडत नाही. हा बदल करून राउटर आणि संगणक दोन्हींची वीज एकदम बंद-चालू करावी आणि कोणी हात न लावता जोडणी परत येते का, ते पाहूनच तो कार्यालयातल्या कपाटावर ठेवावा.